आजोबांची .३१५ आणि शंभर पावलांची हद्द

आमच्या घरात बीएसए, म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स कंपनीची, .३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीचं आतलं माप) एक रायफल आहे. पहिल्या महायुद्धाच्या आधी बनलेली. १९४७ साली इंग्रज अधिकारी आवराआवर करून निघाले, तेव्हा कॅम्पातल्या अशाच एकाकडून आजोबांनी ती घेतली. त्यांच्यानंतर ती काकांच्या परवान्यावर आली आणि यंदा माझ्या परवान्यावर चढली. परवानाधारकानं सत्तरी गाठली किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, की ते वारसाच्या नावे करता येतं. २०१६ च्या शस्त्र नियमांमध्ये तशी सोय आहे. काका तर ऐंशीच्या पुढे गेलेत.

या कागदपत्रांच्या निमित्तानं कोथरूडला काकांच्या घरी बऱ्याच संध्याकाळी बसणं झालं. ही रायफल घेऊन सांबराच्या मागे प्रत्यक्ष डोंगर चढलेला आमच्या घरातला आता हा एकच माणूस उरलाय. ते जे सांगतात, ते त्यांच्या शब्दांत कुठेतरी उतरवून ठेवायला हवं असं फार दिवस वाटत होतं.

आधी एक गोष्ट सांगून टाकते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडची शिकार थांबली, ते योग्यच झालं असं माझं ठाम मत आहे. आजोबांचंही तेच मत होतं. त्याची कारणं पुढे येतील. पण शिकार बंद झाली म्हणून शिकाऱ्याला जे माहीत होतं तेही पुसून टाकावं, हे मला पटत नाही.

आता ही .३१५ काय भानगड आहे ते. हे काडतूस मुळात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचं. १८८८ साली मानलिखर रायफलीसाठी ते तयार झालं, तेही काळ्या दारूचं. दोनेक वर्षांतच त्यात कमी धुराची दारू आली. आठ मिलिमीटरची गोळी, पन्नास मिलिमीटरची पितळी पुंगळी आणि बुडाला बाहेर आलेली कड. मग व्हिएन्नाचं काडतूस पुण्याच्या वाड्यात कसं पोचलं? तर ते इंग्रजांच्या धास्तीमुळे. इंग्रजी फौजेचं काडतूस .३०३. तेच काडतूस हिंदुस्थानातल्या नागरिकांच्या बंदुकीत बसू लागलं, तर फौजेचा चोरलेला दारूगोळा उद्या आपल्यावरच उलटेल, हा त्यांचा हिशेब. म्हणून नागरिकांसाठी .३०३ वर बंदी. .३०३ आजही प्रतिबंधित बोअरमध्येच मोडतं. बीएसएनं मग आपली ली पद्धतीची बोल्टची रायफल घेतली आणि तिला या ऑस्ट्रियन काडतुसाची नळी बसवली. .३०३ लाही कड आणि यालाही कड, त्यामुळे यंत्रणेत फारसा फेरफार करावा लागला नाही. हिंदुस्थानात त्याचं नाव पडलं .३१५. स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या सरकारी कारखान्यानं त्याच धर्तीवर .३१५ च्या शिकारी रायफली काढल्या. ज्या देशात हे काडतूस जन्मलं तिथे ते इतिहासजमा झालं, आणि आपल्याकडे ते चालूच राहिलं.

आजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात टूलरूमला होते. हा कारखाना १८६९ सालचा. रायफलीसोबत आलेली पहिली काडतुसं विलायती होती, कायनॉक कंपनीची, कॉर्डाइट ही कमी धुराची दारू भरलेली. ती संपल्यावर आली ती बुडावर ‘८ एमएम’ आणि ‘केएफ’ असा छाप असलेली. केएफ म्हणजे किरकी, इंग्रजांची खडकी, फॅक्टरी. स्वतःच्या कारखान्याचा छाप असलेलं काडतूस घेऊन जंगलात जाताना आजोबांना वेगळंच समाधान वाटायचं, असं काका सांगतात. डाय किती हजारांश इंचानं झिजली की पुंगळीचं तोंड कुठे फाटतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. प्रत्येक काडतूस ते खिशात टाकण्याआधी प्रकाशाकडे धरून फिरवून बघायचे. गोळी जरा तिरकी बसलेली दिसली, तर ते काडतूस बाजूला.

या काडतुसाची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे जवळपास सोळा ग्रॅम. जड, लांबट आणि नाकाशी गोल. वेग साधारण सेकंदाला २००० फूट. तेव्हाच्याच .३०-०६ या अमेरिकन काडतुसाची हलकी, टोकदार गोळी २७०० च्याही पुढे जाते. वेगातला हा फरक कागदावर वाचताना नुसता आकडा वाटतो, डोंगरात तो जनावराच्या अंगावर दिसतो. शंभर यार्डांवर नेम जुळवलेली .३१५ ची गोळी दोनशे यार्डांवर जवळजवळ वीतभर खाली उतरते. समोर दरी असेल, उतार असेल, तर अंतराचा अंदाज वीस-तीस यार्डांनी सहज चुकतो. अशा वेळी ही वीतभर घसरण म्हणजे काळजाऐवजी पायाला लागलेली गोळी. जनावर मरत नाही. लंगडत जातं आणि आठवडाभर कुठल्या तरी घळीत सडतं.

शिवाय दुर्बीण नाही. नेम धरायला पुढे माशी, मागे व्ही आकाराची खाच. माशीचा गोल मणी जेमतेम दीड मिलिमीटरचा, पण डोळ्यापासून हातभर लांब असलेला तो मणी शंभर मीटरवरच्या जनावराच्या अंगावरची जवळजवळ वीतभर जागा झाकून टाकतो. दोनशेवर त्याच्या दुप्पट. म्हणजे जिथे मारायचं ती जागाच दिसेनाशी होते.

मागच्या साइटला पाचशे यार्डांपर्यंतच्या पट्ट्या आहेत. एकेक उभी करायची नि मारायचं, अशी कंपनीची कल्पना. आजोबांनी शंभरची सोडून बाकीची एकही पट्टी कधी उभी केली नाही. त्यांचा नियम एकच होता, शंभर पावलं. त्याच्या आत असेल तर बघायचं, बाहेर असेल तर जवळ जायचं. जवळ जाता येत नसेल तर घरी यायचं.

काकांनी हा नियम पहिल्यांदा पाहिला तो तोरण्याच्या अंगच्या डोंगरात. सन १९५८ च्या आसपासचा हिवाळा, काका तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात. नसरापूरपर्यंत एसटी, तिथून मिळेल तिथवर बैलगाडी, पुढे पायी. वनखात्याचा शिकारीचा परवाना ठरावीक जंगलापुरता असे, आणि मादीला हात लावायचा नाही अशी त्यात अट. मुक्काम एका धनगरवाड्यावर. सोबत वाट दाखवायला एक कातकरी गृहस्थ. काका त्यांना मामा म्हणत. आजोबांपेक्षा जंगल त्यांना कितीतरी जास्त कळत होतं. आजोबा रायफल धरत, पण कुठे बसायचं, कधी उठायचं हे मामा ठरवत, आणि आजोबा त्यांचं निमूट ऐकत.

“पोरी, आम्ही दोन दिवस तर नुसते वाकून जमीनच बघत होतो,” काका म्हणाले. खुराचा ठसा, त्यात दव पडलंय की दवानंतर उमटलाय. लेंड्या ओल्या की सुकलेल्या. आवळ्याच्या झाडाखाली कोणी येऊन गेलंय का. झाडाच्या सालीवर शिंगं घासल्याची खूण, ती जमिनीपासून किती उंच, म्हणजे नर केवढा. पाण्याजवळच्या चिखलात सांबराची लोळण. माजाचे दिवस असल्यानं नर तिथे लोळून गेलेला, आणि त्या चिखलाचा उग्र दर्प मामांनी काकांना मुद्दाम जवळ बोलावून हुंगायला लावला. “एकदा नाकात बसला की मग वाऱ्यावर ओळखशील,” असं ते म्हणाले. काका सांगतात, तो वास त्यांच्या नाकात अजून आहे.

वाऱ्याचं गणित तर मी वहीत आकृती काढून समजून घेतलं. सह्याद्रीच्या उतारावर रात्रभर थंड झालेली हवा खाली ओघळत असते. ऊन पडून उतार तापला की तीच हवा वर चढायला लागते. संध्याकाळी पुन्हा उलटं. म्हणून उजाडायच्या आधी जनावराच्या खालच्या अंगाला असायचं, आणि ऊन आलं की वरच्या अंगाला. या दोन्हींच्या मध्ये अर्धापाऊण तास असा येतो की हवा कुठेही फिरते. तेव्हा हलायचंच नाही, जिथे आहात तिथे बसून राहायचं. मामा चिमूटभर राख कागदात बांधून आणत आणि अधूनमधून बोटांतून सोडत. राख ज्या बाजूला जाईल त्या बाजूला माणसाचा वास जातोय. सांबराला लांबचं फारसं नीट दिसत नसलं तरी नाक आणि कान भारी तिखट. वाळलेल्या कारवीचं एक कांडं पायाखाली मोडलं तरी ते मान वर करतं, मग पुढचा पाय आपटतं, आणि ‘ढँक’ असं ओरडून सगळ्या डोंगराला जागं करतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नर दिसला. समोरच्या उतारावर, मध्ये ओढ्याची घळ. शिंगाला तीन-तीन टोकं, मानेवर आयाळ, अंग चिखलानं काळं. काकांच्या अंदाजानं अंतर दोनशे यार्ड, जास्त नाही. तो आडवा उभा होता, चरत होता, घाईत नव्हता. काकांनी वडिलांकडे पाहिलं. आजोबांनी रायफल मांडीवर आडवी ठेवलेली, हातही हलवला नाही. दहा-बारा मिनिटं सगळे तिघं बघत राहिले आणि नर रमतगमत झाडीत गेला.

“मला रडू आलं होतं,” काका म्हणाले. “मी विचारलं, अण्णा, का नाही मारलंत? तर म्हणाले, तो माझ्या हद्दीत नव्हता.”

एवढंच. पुढे स्पष्टीकरण नाही.

त्या दिवशी दुपारभर मामा आणि आजोबा त्या नराचा माग काढत होते. तो कुठून खाली पाण्याला येतो, कुठल्या सोंडेवरून वर जातो. दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच ते त्या सोंडेच्या खालच्या अंगाला, एका जांभळीच्या मुळाशी बसले. खोकला आला तर तोंडात पंचाचा बोळा. काडतूस नळीत चढवायचं ते बसल्यावरच, वाटेत कधीच नाही. आणि ली रायफलीचा बोल्ट पुढे ढकलताना स्प्रिंग ताणली जाते, त्याचा खटका ऐकू येतो, म्हणून बोल्ट अंगावरच्या घोंगडीखाली धरून सावकाश बंद करायचा. उजाडलं तेव्हा दोन माद्या आणि एक पिल्लू आधी आले. ते गेले. बऱ्याच वेळानं नर आला, खाली मान घालून, माद्यांचा वास घेत. साठेक पावलांवर. आजोबांनी तो पूर्ण आडवा होईपर्यंत थांबून, पुढचा पाय एक पाऊल पुढे पडल्यावर फऱ्याच्या मागे, अंगाच्या खालच्या तिसऱ्या भागात बार काढला.

मी अडवून विचारलं, पुढचा पाय पुढे पडायची वाट कशाला? कारण पाय पुढे गेला की फऱ्याचं हाड पुढे सरकतं आणि काळीज-फुप्फुसांवरची जागा उघडी पडते. गोळी जड असली तरी वेग कमी. हाड वाचवता आलं तर ती आतपर्यंत सरळ जाते.

नर पडला नाही. उडी घेऊन घळीत गेला. काका धावायला उठले तर मामांनी त्यांचा हात धरून खाली बसवलं. एक बिडी पूर्ण ओढून होईपर्यंत कोणी उठायचं नाही, हा मामांचा कायदा. लागलेलं जनावर मागे कोणी लागलं नाही तर थोडं जाऊन बसतं, आणि बसलं की उठत नाही. मागे लागलात तर भीतीनं मैलभर पळतं. बिडी संपली. मग गोळी लागली तिथली जमीन पाहिली. रक्त फिकं, गुलाबी, फेसाळ, म्हणजे फुप्फुसात लागलंय, जवळच असेल. काळपट असतं तर यकृत, आणि तासभर थांबावं लागलं असतं. हिरवट, चाऱ्याचा वास येणारं असतं तर पोटात लागलेलं, म्हणजे सगळा दिवस तंगडतोड आणि मनाला टोचणी. नर शंभर हातांवर घळीत पडलेला सापडला.

आजोबांनी चप्पल काढली आणि हात जोडले. हे काकांनी सांगितलं तेव्हा मी लिहायची थांबले. कोणी शिकवलेला विधी नव्हता तो. ते दर वेळी करायचे.

मांसाचे वाटे तिथेच पडले. मामांचा, धनगरवाड्याचा, ज्यांनी उचलून आणायला मदत केली त्यांचा. उरलेलं पातळ पट्ट्या काढून, मीठ-हळद चोळून, धुरावर वाळवून पुण्याला आणलं. आजी ते रात्रभर भिजवून, काळा मसाला आणि कोकम घालून मंद आचेवर शिजवायची. सांबराचं मांस कोरडं, त्याला स्वतःची चरबी जवळजवळ नसते. तेल सढळ लागतं. नारायण पेठेतल्या त्या वाड्यात सगळ्यांना ते चालायचं असं नाही, म्हणून चूल मागच्या अंगणात मांडली जायची. शिंगं भिंतीवर लावायला आजोबांनी कधी आणली नाहीत. मामांनी ती मागितली होती, सुऱ्यांच्या मुठींसाठी.

शिकारीहून आल्यावर आजीला आधी एक पातेलं उकळतं पाणी द्यावं लागे, आणि ते रायफलीसाठी असे. त्या काळच्या काडतुसांच्या कॅपमध्ये क्लोरेट असायचं. बार झाला की नळीत मिठासारखा क्षार उरतो, तो हवेतला ओलावा ओढतो आणि पुण्याच्या पावसाळी हवेत दोन दिवसांत नळी गंजून खड्डे पडतात. तेलानं तो क्षार जात नाही. मीठ पाण्यातच विरघळणार. म्हणून बोल्ट काढून, नळीत नरसाळ्यानं उकळतं पाणी ओतायचं, गरम झालेली नळी आपोआप सुकते, मग कापडाचे बोळे, आणि शेवटी तेल. शंभरी ओलांडलेल्या या नळीतून आजही आरपार बघितलं तर पीळ लख्ख दिसतात, त्याचं श्रेय त्या पातेल्याला आहे.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. नारायण पेठेत पाणी शिरलं तेव्हा घरातली माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी पर्वतीकडे पळाली. रायफल खालच्या खोलीत लाकडी पेटीत होती. पाणी उतरल्यावर परत आले तेव्हा पेटी चिखलानं भरलेली, आणि मॅगझिनमध्ये बोटभर गाळ. वाड्याची मागची भिंत पडलेली, धान्य गेलेलं, आजी डोक्याला हात लावून बसलेली. आजोबांनी कुठून तरी स्टोव्ह मिळवला, पाणी उकळलं, पहिल्या पातेल्यात सगळ्यांचा चहा झाला आणि दुसरं रायफलीला. स्क्रूसकट सगळी उघडली. गाळ धुतला, रॉकेलमध्ये बुडवून ठेवली, मग तेल. अक्रोडाचा दस्ता फुगला होता. तो त्यांनी उन्हात न ठेवता सावलीत, कापडात गुंडाळून महिनाभर सुकवला, म्हणून चिरला नाही. पण पाण्याची एक काळसर रेघ दस्त्यावर कायमची उमटली. भिजलेली काडतुसं त्यांनी जमा करून टाकली.

साठच्या दशकात आजोबांचं मन शिकारीवरून उतरत गेलं. जीप आल्या होत्या. रात्री मोठा दिवा मारायचा, जनावराचे डोळे चमकले की तिथे बार काढायचा. नर की मादी बघायचं नाही, गाभण आहे का बघायचं नाही, जखमी होऊन गेलं तर मागे जायचं नाही. पीकसंरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुकाही याच कामाला. ज्या सोंडेवर दिवसाआड सांबराचा माग मिळायचा तिथे आठवडा काढूनही खूर दिसेना. भेकर तर दिव्यासमोर खिळूनच उभं राहतं. विसेक किलोचा तो जीव, कोणीही मारावा. आजोबांनी अशा एका मंडळींना परवान्यातल्या अटी ऐकवल्या, आणि त्यानंतर त्यांना शिकारीची निमंत्रणं यायची थांबली. कायदा आला तेव्हा ते काकांना म्हणाले होते, “दहा वर्षं आधी यायला हवा होता.”

दिवा लावून चारशे यार्डांवर दुर्बिणीनं मारणारा आणि जांभळीच्या मुळाशी साठ पावलांवर बसलेला, दोघांनाही आपण शिकारीच म्हणतो. मला तो एक शब्द दोघांना वापरवत नाही. जुनी, संथ गोळी आजोबांना जवळ जायला भाग पाडत होती. जवळ जायचं तर वारा कळायला हवा, लेंडी ओळखता यायला हवी, मामांसारख्या माणसाचं ऐकायला हवं. जवळ गेल्यावर मादी, पिल्लू, गाभण पोट हे सगळं दिसतं, आणि दिसल्यावर सोडून देता येतं. आजोबांकडे .३०-०६ आणि दुर्बीण असती तर? काकांना विचारलं. ते बराच वेळ गप्प होते. म्हणाले, “अण्णा तेव्हाही जवळच गेले असते. पण मी नसतो गेलो.”

परवाना नावावर झाल्यावर एका रायफल क्लबच्या मोठ्या बोअरच्या सरावात मी ही रायफल चालवली. पन्नास मीटरवर माझ्या गोळ्या तळव्याएवढ्या जागेत बसल्या. शंभरवर वीतभर पसरल्या. त्याच्या पुढे मी गेले नाही. खांद्याला दणका बसतो पण तो ढकलल्यासारखा, झटक्याचा नाही. जड गोळी, कमी वेग. शंभर मीटरवरच्या पांढऱ्या कागदावर माशी टेकवताना मला पहिल्यांदा नीट कळलं की आजोबांची हद्द म्हणजे काही हट्ट नव्हता. ती या मण्याची आणि या गोळीची मोजून काढलेली हद्द होती.

लोक सल्ले देतात. एक म्हणतो, नळीत वेल्डिंग करून घे आणि दिवाणखान्यात लाव, परवान्याची कटकट संपेल. वापरता येणार नाही अशा प्राचीन शस्त्राला परवान्यातून सूट आहे हे खरं. पण इतकी वर्षं उकळत्या पाण्यानं जपलेल्या नळीत मी वितळलेलं लोखंड ओतू? दुसरा म्हणतो, वर भोकं पाडून दुर्बीण बसव. तिसरा म्हणतो, दस्ता पॉलिश करून ती काळी रेघ घालव. यातलं काही होणार नाही. निवडणुका लागल्या की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर आणायची, मुदतीत नूतनीकरण करायचं, कपाटात कुलूपबंद ठेवायची. हे सगळं मी करीन.

काकांना घेऊन या हिवाळ्यात ताम्हिणीच्या बाजूला जाऊन आले. तिथलं जंगल २०१३ पासून अभयारण्य आहे. काकांना चढवत नाही, म्हणून रस्त्यालगतच फिरलो. एका ओहोळाशी ते काठी टेकून वाकले आणि मला बोलावलं. चिखलात भेकराचे खूर, बोटाच्या दोन पेरांएवढे, कडा अजून धारदार. “आज पहाटेचं,” म्हणाले, “आणि वारा वर चढायच्या आधी गेलंय, बघ, खालून वर गेलंय.” मी फोटो काढला. तर म्हणाले, फोटो नको काढूस, आधी बोट लावून बघ, माती किती ओली आहे. माझा भाचा, वय वर्षं बारा, तोही वाकून बोट लावत होता. त्याला पुढचा तासभर दुसरं काही सुचत नव्हतं. त्याला मी वहीतली वाऱ्याची आकृती दिली आहे.

रायफलीचं एक काम राहिलंय. एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग थकली आहे. बोल्ट मागे ओढला की रिकामी पुंगळी कधी कधी नळीतच राहते. मूळ स्प्रिंग आता मिळत नाही. परवानाधारक दुरुस्ती करणारे एक वयस्कर कारागीर आहेत, ते म्हणाले, नमुना आणा, पट्टीतून घडवून पाणी देतो. काकांनी अट घातली आहे की जुनी स्प्रिंग फेकायची नाही, डबीत घालून बोल्टसोबत ठेवायची. पावसाळ्याच्या आधी हे उरकायला हवं, म्हणजे जूनमध्ये सगळी उघडून तेल घालताना एकदमच बसवता येईल.